जंत पडले, म्हणजे गेले का?

भातकापणी संपत आली की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दम लागतो, पाय सुजतात, चक्कर येते अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बायका वाढतात. कामाच्या दिवसांत अंगावर काढलेलं दुखणं काम सरलं की वर येतं. दोन वर्षांपूर्वी अशीच एक पस्तिशीची शेतमजूर बाई सासूबरोबर आली. बाकावर नुसती बसलेली असतानाही धापा टाकत होती. खालची पापणी ओढून पाहिली तर कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन निघालं ४.८. बायकांमध्ये ते १२ च्या पुढे असायला हवं.

मी काही विचारायच्या आत सासूबाईंनी पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. ‘डॉक्टरसाहेब, जंताचं औषध चालू आहे तिचं. वावडिंगाची पूड, मधातून, रोज सकाळी. तीन महिने झाले. सुरुवातीला दोन मोठे जंत पडले, मग पडायचे थांबले. पोट साफ झालं, पण अंगात रक्त काही भरत नाही.’

शौचाची तपासणी करून घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली हूकवर्मची अंडी होती, आणि भरपूर होती.

मला त्या सासूबाईंचा राग आला नाही. सून खंगत चालली आहे हे घरात सगळ्यांत आधी त्यांनी ओळखलं. कारण पोटातले जंत असावेत, हा त्यांचा अंदाजही बरोबर निघाला. पदरचे पैसे घालून औषध आणलं आणि तीन महिने नेमाने दिलं. चूक झाली ती एकाच ठिकाणी. जंत पडले म्हणजे औषध लागू पडलं, आणि पडायचे थांबले म्हणजे जंत संपले, असं त्यांनी धरलं. ही चूक शिकलेल्या घरांतही होते. म्हणून आज वावडिंगाबद्दल थोडं सविस्तर लिहितो आहे.

आधी जंतांबद्दल. आपण ‘जंत’ म्हणतो ते एकाच जातीचे नसतात. शौचातून पडताना दिसतात ते बहुधा गोल जंत. वीत-दीड वीत लांब, गांडुळासारखे, पिवळट पांढरे. लहान मुलांच्या गुदद्वाराशी रात्री वळवळतात आणि खाज आणतात ते सुतासारखे बारीक जंत वेगळे. हूकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, जेमतेम एक सेंटिमीटरचा. तो लहान आतड्याच्या आतल्या आवरणाला तोंडाने घट्ट धरून बसतो आणि रक्त पितो. त्याच्या एका जातीचा एकेक कृमी दिवसाला ०.२ मिलिलिटरच्या आसपास रक्त घालवतो; दुसऱ्या जातीचा त्याहून बराच कमी. शंभर-दोनशे कृमी वर्षभर बसून असतील आणि जेवणात लोह बेताचं असेल, तर त्या बाईचं झालं तसंच होतं. हा कृमी शौचात सहसा दिसत नाही. त्यामुळे तो ‘पडला’ की नाही, यावरून काहीच कळत नाही.

गोल जंतांचंही तसंच. त्यांचं आयुष्य वर्ष-दोन वर्षांचं. म्हातारे झालेले जंत औषधाशिवायही बाहेर पडतात. तापात पडतात, जुलाबात पडतात. ज्या आठवड्यात वावडिंग सुरू केलं त्याच आठवड्यात जंत पडला, तर श्रेय वावडिंगाला जातं. उलट, अल्बेंडाझोलची गोळी दिल्यावर पुष्कळदा काहीच दिसत नाही. ही गोळी जंताला साखर शोषू देत नाही. तो उपासमारीने सावकाश मरतो, काही वेळा आतड्यातच अर्धवट पचून जातो. मग आई येऊन सांगते, ‘गोळी दिली, पण जंत काही पडले नाहीत. गोळीत दम नाही.’ डोळ्यांना दिसतं त्यावर दोन्हीकडे फसगत होते.

खरं मोजमाप वेगळं आहे. औषधाआधी शौचाच्या नमुन्यात अंडी किती, औषधानंतर दोन-तीन आठवड्यांनी किती, आणि औषध न दिलेल्या किंवा दुसरं औषध दिलेल्या तशाच लोकांमध्ये किती. या तीन आकड्यांशिवाय कोणत्याही जंतनाशकाबद्दल, मग ते झाडाचं असो की कारखान्यातलं, ठामपणे काही म्हणता येत नाही.

आता वावडिंग. संस्कृतात विडंग, शास्त्रीय नाव एम्बेलिया राइब्स. मिऱ्यासारखं दिसणारं हे फळ प्रत्येक काष्ठौषधीच्या दुकानात मिळतं. चरकसंहितेत कृमिघ्न द्रव्यांमध्ये त्याला पहिलं स्थान दिलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत काम करणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी देशी औषधींवर जो मोठा ग्रंथ सहकाऱ्यांसह लिहिला, त्यातही ते आहे. आपल्याकडे तर बाळाच्या दुधात वावडिंगाचे चार दाणे उकळणं हा घरोघरचा रिवाज. माझ्या आईनेही ते मला दिलेलं आहे. त्याची तुरट-कडवट चव मला आजही आठवते.

त्यात काही नाही, असं मी म्हणणार नाही. वावडिंगात एम्बेलिन नावाचं नारिंगी रंगाचं द्रव्य असतं. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत काही कृमींवर त्याचा परिणाम दिसलेला आहे. म्हणजे या परंपरेमागे निरीक्षण आहे, ती हवेतून आलेली नाही. पण काचेच्या बशीत कृमी मरणं आणि माणसाच्या आतड्यातला कृमी मरणं यांत मोठं अंतर आहे. बशीत पुरेशी ताकद असेल तर मिठाच्या पाण्यानेही जंत मरेल. आतड्यात तेवढं द्रव्य पोचायला हवं, ते जंताला लागायला हवं आणि माणसाला लागता कामा नये. हे तपासणारे माणसांवरचे अभ्यास वावडिंगाच्या बाबतीत थोडे, लहान आणि बहुतेक तुलनेच्या गटाशिवाय केलेले आहेत. त्यांच्या जोरावर रक्तक्षयाच्या रुग्णाला ‘हे घ्या, जंत जातील’ असं मी सांगू शकत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. एम्बेलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मग वावडिंगाचं पाणी म्हणून जे बाळाला पाजतो, त्यात जंतावर काम करणारं नेमकं किती उतरतं? चूर्ण घेतलं तर ते पोटात जाईल. पाण्यात मात्र मुख्यतः चव आणि रंग उतरतो.

देशी जंतनाशकं कसाला लावण्याची कल्पना नवी नाही. १९२० च्या दशकात मद्रास इलाख्यात हूकवर्मची मोठी चौकशी झाली. तिच्या निमित्ताने डॉ. म्हसकर आणि त्यांचे सहकारी केयस यांनी अनेक जंतनाशक द्रव्यांची रासायनिक घडण आणि रुग्णांवरचा प्रत्यक्ष परिणाम यांचा मेळ घालून पाहिला. शंभर वर्षांपूर्वी, आजच्या तुलनेत काहीच साधनं नसताना, हे काम झालं. आपण नंतर त्याची कास सोडली. एका बाजूला ‘आयुर्वेदात सांगितलंय म्हणजे झालं’ म्हणणारे राहिले, दुसऱ्या बाजूला ‘झाडपाला म्हणजे थोतांड’ म्हणणारे. मोजणारं मधलं माणूस कमी झालं.

आता सुरक्षिततेचा प्रश्न. ‘झाडाचं आहे, गुण नाही आला तरी अपाय नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. याच घराण्यातल्या एका औषधाची गोष्ट सांगतो. किरमाणी ओवा हेही जुनं जंतांचं औषध. त्याच्या वर्गातल्या वनस्पतींतून सँटोनिन काढलं गेलं आणि शंभरेक वर्षं जगभर डॉक्टरांनी ते गोल जंतांसाठी वापरलं. ते काम करत होतं. पण मात्रा थोडी वाढली की रुग्णाला सगळं पिवळं दिसायचं, आणखी वाढली की झटके यायचे. त्यात लहान मुलं दगावली. चिनोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या तेलाचंही तसंच झालं. हूकवर्मच्या मोहिमांत ते वापरलं गेलं आणि त्याने मृत्यूही झाले. जे द्रव्य जंताला मारतं तेच माणसालाही इजा करू शकतं. प्रश्न मात्रेचा असतो, आणि पुडीतल्या चिमटीची मात्रा कोणी मोजलेली नसते.

वावडिंगाच्या बाबतीत मला चार गोष्टींची काळजी वाटते.

पहिली, तान्ही बाळं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. वावडिंगाचं पाणी, गुटी, मध यांनी बाळाचं इवलंसं पोट भरतं, तेवढं दूध कमी प्यायलं जातं आणि वाटी-चमच्यातून जुलाबाचे जंतू आत जातात. केवळ अंगावर पिणाऱ्या तीन-चार महिन्यांच्या बाळाच्या पोटात जंत असण्याची शक्यता अगदीच कमी. नसलेल्या जंतांसाठी आपण त्याला औषध पाजतो. गुटीतलं वेखंड उगाळून जास्त झालं तर बाळाला उलट्या होतात, आणि वेखंडातल्या एका घटकाने उंदरांमध्ये कर्करोग होतो असं दिसल्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून ते अन्नपदार्थांत घालायला बंदी आहे. आजीचा जीव त्या बाळावर असतो यात शंका नाही. म्हणून तर हे आजीलाच सांगायचं.

दुसरी, पुडीत नेमकं काय आहे ही. वावडिंग म्हणून बाजारात एकच फळ येत नाही. एम्बेलियाची दुसरी जात येते, मायर्सिन आणि मीसा या वेगळ्याच झुडपांची तशीच दिसणारी फळंही येतात. दुकानदाराला ते ठाऊक असेलच असं नाही. माल जंगलातून गोळा होऊन चार हातांतून येतो. म्हणजे एका घरचा अनुभव दुसऱ्या घराला लागू होईलच असं नाही, कारण दोघांनी कदाचित वेगळीच फळं खाल्लेली असतात.

तिसरी, गरोदरपण. विडंग, पिंपळी आणि टाकणखार यांचं मिश्रण जुन्या ग्रंथांत गर्भ राहू नये म्हणून सांगितलेलं आहे. एम्बेलिनचा प्रजननावर परिणाम होतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतही दिसलं आहे. नर उंदरांमध्ये शुक्रजंतू कमी झाले. कोंबडीच्या पिल्लांवरच्या एका प्रयोगात वावडिंगाने डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याचं १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. उंदरांवरून आणि पिल्लांवरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, पण गरोदर बाईने, किंवा मूल हवं असलेल्या जोडप्याने, महिनोन्‌महिने वावडिंगाचं चूर्ण घेऊ नये एवढं तर त्यावरून नक्की म्हणता येतं. स्वयंपाकात किंवा दुधात कधीमधी पडलेल्या दोन-चार दाण्यांबद्दल मी हे म्हणत नाही. औषध म्हणून रोज घेण्याबद्दल म्हणतो आहे.

चौथी, ‘आयुर्वेदिक’ या एका शब्दाखाली काय काय येतं. जंतांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत केवळ वावडिंग नसतं. कृमिमुद्गर रस या नावाच्या पारंपरिक औषधाच्या पाठात वावडिंग, ओव्याच्या जातीचं अजमोदा आणि पळसाच्या बिया यांच्याबरोबर पारा, गंधक आणि कुचला आहे. कुचला म्हणजे स्ट्रिक्निनचं झाड. अशी औषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत, असं वेष्टनावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. शिकलेला वैद्य ती शोधन करून, मोजून, गरज असेल तरच देतो. शेजारणीने सांगितलं म्हणून दुकानातून आणून सहा वर्षांच्या मुलाला देणं ही वेगळी गोष्ट झाली.

एवढं सगळं वावडिंगाबद्दल बोलल्यावर अल्बेंडाझोललाही तोच न्याय लावायला हवा. दरवर्षी १० फेब्रुवारीच्या सुमारास शाळांत आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिनी ही गोळी दिली जाते. २०१५ पासून हा कार्यक्रम चालू आहे. १ ते १९ वर्षं वयाच्या मुलांसाठी ४०० मिलिग्रॅमची एक गोळी. १ ते २ वर्षांच्या बाळांना अर्धी. गोल जंतांवर एक गोळी फार चांगलं काम करते. शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांच्या शौचातली अंडी नाहीशी होतात. हूकवर्मवर एका मात्रेत साधारण शंभरातले ऐंशी बरे होतात. चाबूककृमीवर मात्र ही गोळी कमजोर आहे. शंभरातले तीसेकच पूर्ण बरे होतात. सरसकट सगळ्या मुलांना गोळ्या दिल्याने त्यांची वाढ आणि अभ्यास किती सुधारतो, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. कॉक्रेन समूहाच्या आढाव्यांत तो फायदा फारसा दिसलेला नाही. ज्याच्या पोटात जंत आहेत हे तपासणीत दिसलं, त्याला गोळी द्यावी याबद्दल मात्र वाद नाही.

गोळीचे धोकेही आहेत, आणि ते माहीत आहेत. पोटात दुखतं, मळमळतं, क्वचित चक्कर येते; जास्त जंत असलेल्या मुलाला अधिक. बहुतेकांना काही तासांत बरं वाटतं. लहान बाळाला आख्खी गोळी जबरदस्तीने भरवली तर ती घशात अडकू शकते, म्हणून कुटून पाण्यात कालवूनच द्यायची. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती घेऊ नये. ज्याला झटके येतात किंवा मेंदूत पट्टकृमीच्या गाठी असल्याचं निदान झालं आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. गाठींभोवती सूज येऊन झटका येऊ शकतो. हे धोके आम्हाला कळले, कारण ही गोळी कोट्यवधी लोकांना देऊन कोणाला काय झालं याची नोंद ठेवली गेली. वावडिंगामागे हजारो वर्षं आहेत, पण नोंदवही नाही.

मग वावडिंग टाकून द्यायचं का? माझं मत नेमकं उलटं आहे. त्याची परीक्षा घ्यायची.

परंपरेतलं औषध परीक्षेला बसलं की काय होतं, याचं उदाहरण शेजारच्या देशात आहे. चीनमध्ये किंगहाओ नावाची वनस्पती तापावर वापरत. १९६७ मध्ये तिथे मलेरियावर औषध शोधण्याचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. त्यात तू यूयू यांनी शेकडो जुने पाठ तपासले. वनस्पती उकळली की गुण जातो, असं त्यांच्या लक्षात आलं. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात ती थंड पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं. तो धागा धरून त्यांनी कमी तापमानात अर्क काढला, आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासला, शुद्ध द्रव्य वेगळं केलं. ते आर्टेमिसिनिन. आज जगभर मलेरियावर त्याच्यापासून केलेल्या गोळ्या दिल्या जातात आणि तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटना त्या झाडाच्या पानांचा काढा मलेरियावर घेऊ नका असं सांगते, कारण काढ्यातली मात्रा भरवशाची नसते. परंपरेचा मान आणि काढ्याला नकार, दोन्ही एकाच वेळी. मला हे तंतोतंत पटतं.

आपल्याकडे असा अभ्यास करणं अवघड नाही, आणि त्यासाठी कोणाला उपचारापासून वंचित ठेवावंही लागणार नाही. चाबूककृमीवर अल्बेंडाझोल कमी पडतं हे आपण पाहिलं. ज्या प्रौढांच्या शौचात चाबूककृमीची अंडी सापडली, त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. सगळ्यांना अल्बेंडाझोल द्यायचं. एका गटाला सोबत वावडिंगाचं चूर्ण, दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं निरुपद्रवी चूर्ण. चूर्ण कोणत्या जातीच्या फळाचं आणि त्यात एम्बेलिन किती, हे आधी प्रयोगशाळेत ठरवायचं. कोणाला काय दिलं हे रुग्णाला, डॉक्टरला आणि अंडी मोजणाऱ्या तंत्रज्ञाला, तिघांनाही माहीत नको. यकृताच्या तपासण्या आधी आणि नंतर. अभ्यास सुरू होण्याआधी त्याची नोंद देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत करायची, म्हणजे निकाल न आवडल्यास तो दडपता येणार नाही. प्रौढांमध्ये सुरक्षित ठरलं तरच मुलांकडे जायचं. आयुष मंत्रालय आहे, आयुर्वेद महाविद्यालयं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयांचे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत. वैद्यांनी औषध निवडावं, आम्ही मोजावं.

हे तातडीचं का, त्यालाही कारण आहे. शेळ्या-मेंढ्यांमध्ये अल्बेंडाझोलच्या कुळातल्या औषधांना न जुमानणारे कृमी जगभर पसरले आहेत. माणसांत उद्या तसं झालं तर हाताशी दुसरी औषधं फार थोडी आहेत. तेव्हा वावडिंगाकडे काही असेल तर ते आजच कळायला हवं. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांनी तर कसोटीचा दगड सगळ्यांत आधी मागायला हवा.

तोवर घरात काय करायचं? मुलाच्या गालावर पांढरे चट्टे आले, ते झोपेत दात खातं, लाळ गळते, एवढ्यावरून जंत झाले असं ठरवू नका. या तिन्हींचा जंतांशी संबंध सिद्ध झालेला नाही. गूळ-साखर खाल्ल्यानेही जंत होत नाहीत. शंका असेल तर शौचाचा नमुना स्वच्छ कोरड्या डबीत घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. मूल पांढुरकं पडलं असेल, माती-खडू खात असेल, तर हिमोग्लोबिन नक्की पाहून घ्या. पोट फुगून सारख्या उलट्या होत असतील, गॅस आणि शौच बंद झाली असेल, तर घरातलं कोणतंही औषध न देता तडक रुग्णालय गाठा. गोल जंतांच्या गुंतवळ्याने आतडं बंद होऊ शकतं आणि तिथे तास मोजावे लागतात. रात्रीच्या खाजेचे बारीक जंत असतील तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्या, नखं कापा आणि चादरी गरम पाण्यात धुवा. आणि वावडिंग चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा. आम्ही रागावू म्हणून लपवू नका. आमच्यापैकी जे रागावतात, त्यांनी रागावणं सोडायला हवं.

चरकसंहितेत कृमींच्या उपचाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. कृमी बाहेर काढणं, ते वाढतील अशी शरीरातली स्थिती बदलणं, आणि तिसरी निदानपरिवर्जन, म्हणजे कारणच टाळणं. वावडिंगवाले आणि गोळीवाले, दोघेही पहिल्याच पायरीवर भांडत बसलो आहोत. हूकवर्मची अळी उघड्यावरच्या मैल्याने दूषित झालेल्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीवाटे शरीरात शिरते. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ती अंडी मातीत दोन-तीन आठवडे मुरतात आणि न धुतलेल्या हातांनी, भाजीने तोंडात येतात. त्या बाईला गोळी दिली, पिशवीभर रक्त दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ती पुन्हा त्याच बांधावर अनवाणी गेली, तर वर्षभरात माझ्यासमोर परत येईल. शौचालय बांधलेलं आहे की त्यात पाणी आहे आणि ते वापरलं जातं, हा प्रश्न आरोग्य खात्याने ग्रामपंचायतीला दर वर्षी त्या गोळीबरोबरच विचारायला हवा.

तीन महिन्यांनी त्या दोघी तपासणीला आल्या. हिमोग्लोबिन १०.२ झालं होतं, शौचात अंडी नव्हती. सून स्वतःच्या पायांनी जिना चढून आली होती आणि तिच्या पायांत प्लॅस्टिकचे बूट होते. निघताना सासूबाईंनी हळूच विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, घरात वावडिंग बरंच शिल्लक आहे. फेकून देऊ का?’

‘फेकू नका मावशी,’ मी म्हटलं, ‘पण नातवाच्या पोटात जंत आहेत असं वाटलं, तर वावडिंगाच्या डब्याला हात लावायच्या आधी नमुन्याची डबी घेऊन इकडे या.’

त्या हसल्या. गेल्या महिन्यात त्या खरंच आल्या होत्या, नातवाला आणि डबीला घेऊन.